ढगाखालची वाट

मुलीने भिंतीवरची फ्रेम काढून जेवणाच्या टेबलावर पालथी घातली आणि पक्कडीने मागचे खिळे उपसायला लागली, तेव्हा अण्णांच्या कपातला चहा बशीत सांडला.

"अगं, हे काय चालवलंयस?"

"काचेवरून अंतर नीट मोजता येत नाही, अण्णा. नकाशा बाहेर काढते."

"घडी पाडू नकोस हां. नकाशा गुंडाळायचा असतो."

"माहितीये. जन्मापासून ऐकतेय."

नकाशा अण्णांच्याच हातचा. छत्तीस वर्षं त्यांनी नकाशा कचेरीत रेघा ओढल्या, आणि निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी त्यांचा सगळ्यांत गाजलेला कागद फ्रेम करून दिला. देशाच्या पार दुसऱ्या टोकाचं पावसाळी जंगल, त्यातली नदी आणि पलीकडचा किनारा. अण्णा तिकडे कधी फिरकले नव्हते. विमानातून घेतलेले फोटो समोर ठेवायचे आणि खुर्चीत बसून जंगल काढायचं, अशी ती नोकरी.

मुलगी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. पुढच्या महिन्यात तिघा सहकाऱ्यांना घेऊन ती नेमकी त्याच जंगलात निघाली होती. नदीवरच्या शेवटच्या चौकीपर्यंत होडीने, तिथून पायी किनाऱ्यावर, आणि ठरल्या दिवशी किनाऱ्यावर न्यायला मोठी बोट. चौकीपासून किनाऱ्यापर्यंत नकाशात पायवाटेची तुटक रेघ होती. तिने त्या रेघेवर वळणावळणाने दोरा ठेवला, मग तो पट्टीवर ताणून धरला.

"बावीस किलोमीटर. म्हणजे दोन दिवस. मग खाणं दोन दिवसांचंच घेऊ, उगाच ओझं कशाला? सगळ्यांना सांगून ठेवलंय मी, आपली वाट माझ्या बापाने काढलीये म्हणून!"

अण्णांनी कप बाजूला सारला.

"समुद्रावरून जा ना," ते म्हणाले. "वाट जुनी आहे. बुजली असेल."

"बुजली तर कोयता आहे. समुद्रावरून आठवडा जास्त जातो, एवढी रजा कोण देतंय? आणि ही बघा, मोबाईलमध्येही तीच वाट आहे."

अण्णांनी चष्मा चढवून पाहिलं. तीच होती. चौकीनंतर डावीकडे, टेकडीला वळसा, मग ओढा ओलांडून खाली. टेकडीचा वळसा दिसला आणि त्यांना घामच फुटला. रेघ सरळ ओढली की भिकार दिसते, म्हणून घातला होता तो! मोबाईलवाल्यांनी वाट कुठून उचलली, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"यांचं काय ऐकतेस?" बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली. "अख्खा देश काढला बसल्या जागी, पण प्रवास म्हटलं की यांना ताप भरतो."

एरवी अण्णा यावर हसले असते. चौकीवर कुणीतरी सांगेलच की, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. आणि नाही सांगितलं तर? चार माणसं, दोन दिवसांचं खाणं.

"तिथे ढग होता," ते म्हणाले.

"कुठे?"

त्यांनी तुटक रेघेवर बोट ठेवलं. "फोटोत. एवढ्या भागावर सगळ्या फोटोंत ढगच. दिसलं नाही ते कोरं सोडायचं आणि वर 'माहिती नाही' लिहायचं, असा नियम. पण कागद दुसऱ्या दिवशी छपाईला जायचा होता, आणि इतक्या देखण्या कागदाला मधोमध भोक... मी झाडं भरली. मग वाटलं, इकडे चौकी आहे, तिकडे किनारा आहे, माणसं येत-जात असणारच. वाट काढली."

"मनाने?"

"मनाने. साहेब म्हणाले, असा बिनभोकाचा कागद कचेरीत आजवर झाला नाही. बढती मिळाली मला त्यावर."

मुलीच्या हातातला दोरा तसाच राहिला. "मग तिथे आहे तरी काय?"

"माहीत नाही गं. कडा असेल, दलदल असेल. खरंच माहीत नाही." लाजेने त्यांचे कान तापले होते.

"आणि मी मेली चौदा वर्षं त्याची काच पुसतेय," बायको म्हणाली. कुणीच हसलं नाही.

मुलीने सहकाऱ्याला फोन लावला. "बेत बदललाय. समुद्रावरून जायचं. हो, रजा वाढवावी लागेल... अरे, असू दे मोबाईलमध्ये. वाट नाहीये तिथे. पक्कं. ज्याने काढली त्यानेच सांगितलंय."

ती बोलत होती तोवर अण्णांनी ड्रॉवरमधून अर्धं ब्लेड काढलं. आधी वाट खरवडली, मग टेकडीचा वळसा, मग एकेक झाड. कागद कुठे फाटला नाही. मधोमध तळहाताएवढा पांढरा डाग उरला. त्यात त्यांनी कचेरीतल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'माहिती नाही'.

"मोबाईलमधलं कसं खरवडणार?" मुलीने विचारलं.

"उद्या कचेरीत पत्र देतो. सही करून." त्यांनी फ्रेम जवळ ओढली आणि खिळे गोळा करायला लागले.

"फ्रेममध्ये नको," मुलगी म्हणाली. "हा मला बरोबर न्यायचाय."

अण्णांनी खिळे परत टेबलावर ठेवले. मग तिच्या पिशवीत मावेल अशी त्यांनी स्वतःच त्याची घडी घातली, कोरा भाग वर ठेवून.