पहिल्या माशाचा वाटा

"घोळ मासा. जन्म हरेश्वर तांडेलाच्या खांबापाशी," धक्क्यावरचा बोलका वजनकाटा म्हणाला आणि मासळी निवडणाऱ्या चांगुणाचे हात थांबले. माशाच्या कानातलं हाड वाचून काटा त्याचं जन्मपाणी सांगे. पण तिच्या नवऱ्याचं नाव त्यानं आजवर कधी घेतलं नव्हतं.

माशांच्या विणीसाठी समुद्राचा तो तुकडा राखीव होऊन तिथली मासेमारी थांबली, तेव्हा डोल जाळं बांधायचा बापजाद्यांचा खांब हरेश्वरनं सर्वांत आधी उपटला होता. "आता पोरं काय खातील?" म्हणत कोळीवाड्यानं त्याच्याशी बोलणं टाकलं. त्यालाही वर्षं लोटली.

संध्याकाळी धर्मा नाखवा तीच घोळ घेऊन हरेश्वरच्या दारात उभा राहिला.

"दुसऱ्याच्या खांबावर मासळी मिळाली, तर पहिला मासा त्याच्या घरी. आपली रीत आहे, दादा."

"पण तू तर राखीव पाण्याबाहेर पकडलीस."

"जन्मली तुझ्याकडे ना!"

नातवंड घ्यावं तशी हरेश्वरनं घोळ दोन्ही हातांत घेतली.

चांगुणानं दोघांपुरता टोप काढला. इतक्यात पुन्हा कडी वाजली. तिनं वाकून पाहिलं, तर पार धक्क्यापर्यंत माणसं उभी होती, प्रत्येकाच्या हातात एकेक मासा.

टोप तिनं परत फळीवर ठेवला आणि सगळ्यांत मोठा खाली काढला.