एका मिनिटाचा थांबा

गाडी हलली तेव्हा त्रिवेणी डब्याच्या दारात होती आणि महालिंगअप्पा खाली.

तिनं वाकून नवऱ्याचा उजवा हात धरला होता. डाव्या हाताला डायलिसिसच्या मशीनच्या सुया टोचत, तो धरायचा नव्हता. मागून सूर्यभाननं अप्पांना कमरेत उचललं होतं. त्यांचा एक पाय पायरीवर टेकलाही होता. तेवढ्यात हात सुटला. अप्पा सूर्यभानच्या अंगावर आले, दोघंही खाली बसले, आणि पॅसेंजर त्रिवेणीला घेऊन चुडाव्याकडे निघून गेली.

गोंदाळा हाल्टवर गाडी एक मिनिट थांबते. निजामाच्या राजवटीतला हा फलाट तेव्हाच्या छोट्या गाडीला पुरायचा. पुढं रूळ रुंद झाले, डबे उंच झाले, फलाट होता तिथंच राहिला. आता पहिली पायरी माणसाच्या मांडीला लागते. बाकी सोयी म्हणजे पत्र्याची शेड, सिमेंटचा एक बाक, कोरडा हातपंप आणि तिकिटाची खिडकी. खिडकीत कमिशनवर सूर्यभान बसायचा. दर सोमवारी आणि गुरुवारी गाडी आली की खिडकी सोडून तो अप्पांना वर चढवायला धावायचा. नांदेडच्या दवाखान्यात त्यांचं डायलिसिस असायचं. चार वर्षं हेच चाललं होतं. या सोमवारी मात्र रुळाच्या कामामुळं गाडीच आली नव्हती. अप्पांच्या पायांची सूज गुडघ्यापर्यंत चढली होती. आजचा गुरुवार चुकून चालणार नव्हता.

सूर्यभाननं त्यांना बाकावर टेकवलं.

"माझीच पकड ढिली पडली, अप्पा."

"तुमची न्हाई." अप्पांना धाप लागली होती. ते रुळांकडे बघत राहिले. "मी बोटं उघडली."

सूर्यभान त्यांच्याजवळ बाकावर टेकला.

"सेलूला लेक बाळंत झाली," अप्पा म्हणाले. "आठ महिने झाले. हिनं नात फोटोतच बघितली. जाते म्हणली की सोमवार येतो, न्हाईतर गुरुवार. माझ्या दवाखान्यापायी दुकान मोडलं, तिची कंबर मोडली. लय झालं, सूर्यभान. मी गेलो म्हंजे तरी ती तिकडं जाऊन ऱ्हाईल. तिला सांगू नका. हात निसटला म्हणा."

"आसं बोलू नका, अप्पा."

"म्हणा एवढं."

सूर्यभाननं मान हलवली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्रिवेणी चुडाव्याला उतरली होती. "लागलं का त्यांना?" एवढंच तिनं विचारलं. रिक्षा घेऊन येते म्हणाली.

तिची वाट बघताना सूर्यभाननं पाणी दिलं. त्यांना दिवसाला मोजकंच पाणी होतं. त्यांनी ओठ ओले केले आणि बाटली परत दिली.

तासाभरानं शेतातल्या वाटेनं रिक्षा आली. त्रिवेणी उतरली ती सरळ अप्पांपाशी आली. त्यांचं खरचटलेलं कोपर तिनं पदरानं पुसलं, सदऱ्यावरची धूळ झटकली.

"उठा. रिक्षानंच जाऊ नांदेडला. दवाखान्यात फोन केलाय. उशिरा आलात तरी मशीनवर घेतो म्हणलेत."

अप्पांनी एकदा सूर्यभानकडे बघितलं. मग उठले. दोघांनी त्यांना धरून रिक्षात बसवलं. त्यांनी मागं डोकं टेकून डोळे मिटले.

अप्पांची काठी बाकाशीच राहिली होती. ती घ्यायला त्रिवेणी परत आली. काठी उचलून ती तशीच उभी राहिली. तिचा चेहरा बघून सूर्यभानला राहवेना. अप्पांना दिलेला शब्दही होताच.

"मनाला लावून घिऊ नका, वैनी," तो म्हणाला. "घामानं हात निसटतो कधी. कुनाचा दोष न्हाई."

तिनं रिक्षाकडे वळून पाहिलं. अप्पांचे डोळे मिटलेलेच होते.

"निसटला न्हाई, भाऊ," ती हलक्या आवाजात म्हणाली. "मी सोडला. त्यांना सांगू नका."