डोक्यावरचा पिवळा चौकोन

विमानतळावरच्या तपासणी यंत्रात हात वर करून उभ्या राहिलेल्या कल्लव्वाच्या अंगावरून लहरी फिरल्या. त्या लुगड्यातून पार होतात, कातड्यावर आपटून परत येतात आणि मध्ये काही वेगळं लागलं, तर पडद्यावरच्या बाहुलीवर पिवळा चौकोन उमटतो. तिचा चौकोन डोक्यावर उमटला.

“मावशी, पदर काढा,” महिला शिपाई म्हणाली. पदराखाली मनगटाएवढी जाड जट निघाली. शिपाईबाईनं पुढं केलेला हात मागं घेतला आणि जोडला. “देवीची आहे. मी नाही हात लावणार.”

साहेबीण आली. तिनंही हात जोडले. “तपासल्याशिवाय सोडता येत नाही, मावशी. आणि तपासणार कोण?”

तिकडं दिल्लीत लेकीला कळा सुरू झाल्या होत्या आणि विमान सुटायला आलं होतं. याच जटेपायी कल्लव्वाला पोरवयात देवीला सोडलं होतं. कापलीस तर मरशील, असं अख्ख्या गावानं बजावलं होतं. इथं बंदूकवाल्या बायकाही त्याच भीतीनं हात जोडून उभ्या होत्या.

“कात्री द्या,” ती म्हणाली.

जप्तीच्या पेटीत कात्र्यांचा खच होता. साहेबिणीनं एक काढून दिली. कल्लव्वानं जट मुळापासून कराकरा कापली, ट्रेमध्ये टाकली आणि पुन्हा यंत्रात जाऊन उभी राहिली. पडदा हिरवा झाला.

“मावशी, आता काही वाईट झालं म्हणजे?” शिपाईबाईनं विचारलं.

“व्हायचं ते ही जट डोक्यावर असतानाच होऊन गेलंय, बाई. दिल्लीचं विमान कुठल्या दाराला?”