भाच्याचे पाय

काठमांडूतली आमची घरमालकीण इंद्रकुमारी पाण्याचे महिन्याला माणशी पाचशे घेते, आणि स्वतः रोज पाइप लावून गाडी धुते. माझी बहीण दोन रात्री राहिली, तर बाईनं तिचेही पाचशे लावले. मी कुरकुरलो तर म्हणाली, "पाणी फुकट हवंय? तू काय माझा नातेवाईक लागतोस?"

काल घरभाड्यावरचा कर लावणारे साहेब दारात आले. त्यांना पाहताच बाईनं माझ्या खांद्यावर हात टाकला.

"भाडेकरू कुठले, साहेब! हा टीकाराम, माझ्या नणंदेचा मुलगा. भाच्याकडून कुणी भाडं घेतं का?"

साहेबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "भाचा दारात उभा आणि पाय कोरडे? आपल्यात तर मामी आधी भाच्याचे पाय धुते, मग पाया पडते."

बाईचा चेहरा पडला. पण गेली, तांब्या आणला, माझे पाय धुतले आणि त्यांवर डोकं टेकवलं. मीही तोंडभर आशीर्वाद दिला.

आज तिनं पाण्याचा हिशेब दाराखालून सरकवला. पाचशेच्या खाली एक नवी ओळ होती.

"पाय धुतले, एक तांब्या : वीस रुपये."