तिसऱ्या खिडकीची हजेरी

सकाळी नऊ वाजून बावन्न मिनिटांनी सहा मुली बसमधून उतरल्या. शाळेच्या फाटकातून पाच आत गेल्या.

सहावी थांब्यावरच उभी राहिली. मागून मध्य प्रदेशाकडे जाणारी खासगी बस आली आणि ती मुलगी तीत चढली. रुचिता शहारे फाटकात उभी राहून पाहत होती. हाक मारेपर्यंत बस वळणाआड गेली.

प्रतिक्षा. शेवटी उतरलेली ही मुलगी ड्रायव्हरमागच्या तिसऱ्या खिडकीत बसली होती, आणि ती खिडकी प्रतिक्षाची.

आंबागडच्या मुली रोज ठरलेल्या जागांवर बसत. धुळीमुळे डोळ्यांपर्यंत स्कार्फ बांधलेले. जूनमध्ये बदलून आलेली रुचिता त्यांची वर्गशिक्षिका होती. नववीत अठ्ठावन्न मुलं. कोण कुठल्या जागेवर बसते, हे तिला पाच महिन्यांत पाठ झालं होतं.

बस गेली त्या दिशेला ती थोडा वेळ पाहत राहिली. मग तिनं पर्समधला मोबाईल काढला आणि पुन्हा ठेवून दिला.

हजेरी दहाच्या आत ऑनलाइन पाठवायची असते. शाळेत बोलण्यापुरती रेंज मिळते, नेट मिळत नाही. नेट मिळतं ते आंबागडच्या फाट्यानंतर चार-पाच किलोमीटर. म्हणून रुचिता हजेरी बसमध्येच लावत असे. बसमधल्या मुलींची पाहून, बाकीच्यांची कालच्यावरून. आजची नऊ एकेचाळीसला गेली होती. आंबागड, सहापैकी सहा.

"मॅडम, तुमी तं बसमध्येच शाळा भरवता," कंडक्टर केवळराम तिकिटाचं मशीन खांद्यावर सारत म्हणाला होता. "एखाद दिवशी मलेही हजर लावून द्या. घरी झोपून राहीन."

ती हसली होती.

त्या दिवशी तिच्याकडे शिष्यवृत्तीचे अर्ज तपासायचं काम होतं. नववी आठवीला जोडून हॉलमध्ये बसवली होती. वर्ग बाबूलाल सरांकडे. अकरा वाजता ती हॉलच्या दारापर्यंत गेली. आत शंभरावर मुलं सतरंजीवर बसलेली. प्रतिक्षा कुठे गेली, एवढंच विचारायचं होतं. पण ते विचारलं की हजेरीचा विषय निघणार. प्रतिक्षा हजर कशी, कोणी लावली, कुठे बसून लावली.

ती परत फिरली. साडेबाराला पुन्हा गेली, पुन्हा फिरली.

जेवणाच्या सुट्टीत बाबूलाल सर अर्जांच्या खोलीत डोकावले.

"काय मॅडम, डबा नाही खाल्ला? बिमार दिसून राहिल्या."

"नाही. बसमध्ये गर्दी होती."

"लेकरं सगळे आले ना तुमचे? मी काही मोजले नाही. तुमची हजेरी तं सकाळीच जाते."

"आले," रुचिता म्हणाली.

ते गेले. तिच्यासमोरचा अर्ज तिनं तीनदा वाचला. मुलीचं वय चौदा वर्षं चार महिने. अर्ज कोणाचा होता हे तिला नंतर आठवलं नाही.

परतीची पाच दहाची बस तिनं मुद्दाम सोडली. त्या मुलींसोबत बसणं तिला जमलं नसतं. अर्ध्या तासानं काळीपिवळी जीप मिळाली. आंबागडला उतरली तेव्हा अंधार पडत होता. प्रतिक्षाचं घर एका पोरानं बोटानं दाखवलं.

प्रतिक्षाची आई तुळसाबाई नुकतीच धानाच्या बांधीतून आली होती. विळा अजून हातात होता.

"बसा जी मॅडम. काहून आल्या एवढ्या सांजच्या?"

रुचिता बसली नाही. उभ्यानंच तिनं सगळं सांगितलं. थांबा, खासगी बस, मोबाईलवरची हजेरी. दुसऱ्याच कुणाची चूक सांगावी तशा आवाजात.

तुळसाबाईनं विळा भिंतीला खोचला.

"सकाळपासून माईत होतं तुमाले?"

"हो."

"आन् आता सांगून राहिल्या?"

"लाज वाटली," रुचिता म्हणाली.

 तुळसाबाई मागच्या दाराकडे वळून ओरडली, "प्रतिक्षा, इकडं ये वं."

राखेनं भरलेले हात पुढे धरून मुलगी बाहेर आली. सकाळपासून पहिल्यांदा रुचिताला नीट श्वास घेता आला.

"कुठी गेल्ती आज?" आईनं विचारलं.

"शाळेत."

"मॅडमच्या तोंडावर खोटं बोलतं?"

"खोटं काहून बोलू? शाळेतच होती मी. बाबूलाल सरनं मले फळ्यावर गणित देल्लं. चुकलं तं पोरं हासले. विचारा ना सरले."

"मग तिसऱ्या खिडकीत कोण होतं?" रुचितानं विचारलं.

मुलीनं आईकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"आमच्या सहातली डिंपल. आजच्या दिवस मले खिडकी दे म्हणे. कोणाले सांगू नको म्हणे."



"तिची माय दुपारी बांधीवर रडत आली होती," तुळसाबाई म्हणाली. "पोरीचे कपडे घरी नाहीत म्हणे. मीच माह्या फोनवरून तुमच्या बड्या सरले, हेडमास्तरले, फोन लावून देल्ला. सर तालुक्याले मीटिंगले होते, तेथूनच मोबाईल पाहून सांगतलं, डिंपल हजर हाये. मंग आमी पुन्हा धान कापाले लागलो."

सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. डिंपलला शोधायला अजून कोणी निघालं नव्हतं.