परत म्हण

"उद्या ऑपरेशन झालं की आवाज गेला तो गेलाच," डॉक्टरांनी खोलीबाहेरच सांगितलं. "काय बोलायचं ते आज बोलून घ्या. फक्त त्यांना दमवू नका."

लेक आत गेली. बाबा उशांना टेकून बसले होते. या गळ्याने भल्याभल्या नटांना रडवलं होतं. स्वतः लिहिलेलं नवं नाटक वाचून दाखवायला बसले की सगळ्यांची कामं ते एकटेच करायचे, आणि ऐकणाऱ्याला खोली माणसांनी भरल्यासारखी वाटायची.

"शाळा बुडवून आलीस?" त्यांनी विचारलं. आवाज पार घोगरा झाला होता.

"रजा टाकलीय."

"अजून व्याकरणच शिकवतेस?"

"शिकवते की. पोट आहे ना मागे."

ते हसले. तिने खुर्ची पलंगाजवळ ओढली. एवढ्या मोठ्या माणसाशी साध्या गप्पा मारणं तिला आजवर जमलं नव्हतं, आणि तो माणूस आपला बाप आहे हे अधूनमधून स्वतःला सांगावं लागायचं.

लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं आणि त्याच लोकांनी दगडही मारले होते. मध्ये दारू झाली, मनाच्या आजारापायी इस्पितळ झालं. एका नाटकातला लोभी दीर म्हणजे आपणच हे ओळखून सख्ख्या भावाने त्यांचं तोंड पाहणं सोडलं. काकाचं काही चुकलं नव्हतं. घरात कुणी रागाच्या भरात झणझणीत काही बोललं की बाबांचे डोळे लकाकायचे. "परत म्हण," म्हणायचे. की ते वाक्य पुढच्या नाटकात हजर. एकदा तर आई भांडता भांडता मध्येच थांबली आणि उरलेलं भांडण तिने हातवारे करून पुरं केलं.

पण लहानपणी आईशेजारी बसून पाहिलेला तो प्रयोग लेक विसरू शकत नव्हती. स्वयंपाकघरात ताट आपटून आई जे बोलली होती, ते रंगमंचावरची बाई शब्दन् शब्द बोलली. सगळं थिएटर चिडीचूप. लेकीने घाबरून शेजारी पाहिलं, तर आई ढसाढसा रडत होती. स्वतःसाठी नव्हे, त्या नाटकातल्या बाईसाठी. घरी गेल्यावर तिने बाबांशी अबोला धरला, ते निराळं. आपल्याच घरातलं भांडण हा माणूस एवढं मोठं करून दाखवतो, हे पाहून लेक मात्र त्या दिवशी जेवलीसुद्धा नाही. भीती वाटली होती, आणि अभिमानाने छाती भरून आली होती.

आई गेली आणि बाबांनी लेखणी खाली ठेवली. नंतर एक ओळ लिहिली नाही. आता तर हाताला कंप होता. आईच्या शेवटच्या दुपारी घरात ती दोघंच होती. लेक पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. काय झालं, हे तिने नाना तऱ्हांनी विचारून पाहिलं होतं. बाबा ताकास तूर लागू देत नसत.

"बाबा, त्या दुपारचं सांगा," ती म्हणाली. "उद्या मी कुणाला विचारू?"

त्यांनी घोटभर पाणी घेतलं. मग सांगू लागले, आणि त्या फाटक्या आवाजातून आई बोलायला लागली. तीच धार, तोच वाक्याच्या शेवटी खाली येणारा सूर. 

वारा गार होता म्हणून बाबा खिडकी लावायला उठले होते. आईने अडवलं.

"ती म्हणाली, खिडकी राहू द्या उघडी. रस्त्यावरची माणसं काहीबाही बोलत जातात, ते ऐकत पडते. बरं असतं त्यांचं. कुणी लिहून घेत नाही."

लेक खुर्चीत पुढे सरकली. "मग?"

"मग काय. जन्मभर ज्याच्या मागे धावलो तसलं वाक्य. आणि मी 'परत म्हण' म्हणालो नाही. नुसता बसलो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हसली. म्हणाली, आज नुसतं ऐकताय होय? मग सावकाश डोळे मिटले."

"कुठे बसला होतात? उशाशी?"

"पायाशी."

"कशी हसली?"

"लबाडी पकडल्यासारखी."

"परत सांगा ना. पहिल्यापासून."

बाबांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती रडत होती. त्यांनी परत सांगितलं, दम लागेपर्यंत सांगितलं.

"ते वाक्य लिहिलं असतं ना," शेवटी ते म्हणाले, "तर लोकांनी मला खांद्यावर नाचवलं असतं. पण सगळं घर विकून खाल्लं मी, पोरी. तेवढं एक तिचं तिच्यापाशी राहू दिलं. तुझ्या पोटात ठेव. कुणाला सांगू नकोस."

"नाही सांगणार," ती म्हणाली.

तिने त्यांच्या अंगावर पांघरूण सारखं केलं, कपाळावर हात ठेवला. त्यांचा डोळा लागेपर्यंत ती बसून राहिली. इतकं प्रेम तिला बापाबद्दल आजवर वाटलं नव्हतं.

मग ती बाहेर आली, डोळे पुसले आणि फोन लावला.

"तिसरा अंक सापडला," ती दिग्दर्शकाला म्हणाली. "परवापर्यंत लिहून देते. फक्त आईचं काम करणारी बाई बदलू या. तिला हसता येत नाही."