वरून कोथिंबीर

"पोहे-बिहे काही नाही," अण्णा दारातच आडवे आले. "माझी मुलगी कबड्डी खेळते, केटरिंग करत नाही. चढाईचं विचारा."

चॅनेलकडून आलेली स्वरदा ओशाळं हसली. "काका, चढाई आहेच. अख्खी फायनल आहे आमच्याकडे. पण साहेबांना घरातली जान्हवी पण हवीय. दोन मिनिटं, कांदेपोहे करताना."

"मुलगा असता तर भाकऱ्या थापायला लावल्या असत्यात?"

घाटकोपरच्या त्या दोन खोल्यांत जान्हवीला बापाचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. पण तिला भांडण परवडणारं नव्हतं. राष्ट्रीय शिबिरात एकच जागा उरली होती. निवड समितीनं तिचा खेळ पाहिलेला नव्हता. शुक्रवारचा कार्यक्रम तेवढा बघा, अशी गळ तिच्या कोच माणिकताईंनी समितीला घातली होती. पोहे तर पोहे.

"असू दे ना अण्णा. करते मी."

अण्णांनी सुस्कारा सोडला. "बरं. पण करायचं तर नीट. ती मोरपिशी साडी नेस. आणि कोपर झाक गं. खरचटलेलं दिसलं तर आया आपल्या पोरींना मैदानावर पाठवायच्या नाहीत."

अण्णांना सगळं सुचायचं.

जान्हवीनं पोहे केले. म्हणजे आईनं केले, जान्हवीनं वरून कोथिंबीर भुरभुरली. तेही तीनदा, कारण पहिल्या दोन वेळा ती कढईवर चढाईला निघाल्यासारखी दिसली. "जरा हस. खाली बघून," अण्णा कॅमेऱ्यामागून म्हणाले. मंडळी निघाली तेव्हा त्यांनी स्वरदाचा नंबर घेऊन ठेवला, काही सांगायचं राहिलं तर म्हणून.

शुक्रवारी शेजारपाजार टीव्हीसमोर जमला. बासरी वाजली. मोरपिशी पदर आला. कोथिंबीर पुष्पवृष्टीसारखी सावकाश पडली. मैदान गाजवणाऱ्या या लेकीच्या हाताला चवही आहे, असं निवेदिका म्हणाली. मग करंडक दिसला, त्यात झेंडूची फुलं. मग जाहिराती. चढाई एकही नाही.

"पोहे मोकळे झालेत हो," शेजारच्या वनमालाबाई म्हणाल्या.

अण्णा ताडकन उठले. "बघा या लोकांची अक्कल. बाई म्हटली की दाखव गॅसची शेगडी. वाट लावली पोरीच्या खेळाची." सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणीतरी त्यांना पाणी आणून दिलं.

तेवढ्यात माणिकताईंचा मेसेज आला. 'समिती विचारतेय, ही खेळते कधी? जागा गेली गं.'

जान्हवी मोबाइल घेऊन आत मोरीपाशी गेली. स्वरदानं फोन उचलताच तिनं सुनावलं, "लाज नाही वाटली? तू पण बाईच ना?"



"अगं, आठ मिनिटं नुसता खेळ ठेवला होता मी. साहेबांशी भांडून. काल तूच नको म्हणालीस ना?"

"मी?"

बाहेर अण्णांचा आवाज अजून चढलेलाच होता.

"म्हणजे, तुझ्या वतीनं अण्णांचा फोन आला. म्हणाले, रविवारी मुलाकडचे येतायत, त्यांना कार्यक्रम बघायला सांगितलाय. कबड्डी काढा, पोहे ठेवा."